रिपोर्टातली तिसरी ओळ

वैरागातून स्तनातल्या गाठीसाठी निघालेल्या बाईचा रस्ता बहुधा ठरलेला असतो. आधी गावातला दवाखाना, मग बार्शी नाहीतर सोलापूर, आणि गरज पडलीच तर मुंबईचं टाटा. सुईने गाठीचा तुकडा काढतात, तो तपासायला जातो आणि काही दिवसांनी एक इंग्रजी कागद घरात येतो. शिकलेला भाचा किंवा ओळखीचे मास्तर तो वाचतात. वरचा ‘कार्सिनोमा’ समजायला कुणाची मदत लागत नाही. खाली तीन ओळी असतात: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोन संप्रेरकांच्या. त्यांच्यापुढे होकार किंवा नकार, फार तर टक्केवारी. तिसरीपुढे मात्र शून्य, एक अधिक, दोन अधिक किंवा तीन अधिक असं काहीतरी लिहिलेलं असतं.

या तिसऱ्या ओळीवर बाईचं पुढचं वर्ष ठरतं. नुसती केमो की सोबत आणखी एक इंजेक्शन, सहा महिने की वर्षभर, घरातल्या पैशात भागेल की रान गहाण पडेल, हे सगळं त्या एका आकड्यापाशी येऊन थांबतं. एवढं वजन असलेली ही ओळ आली कुठून, याचा माग काढावा असं मला फार दिवस वाटत होतं. कारण ती ओळ म्हणजे माणसाचं एक जनुक आहे. रोग ओळखायची खूणही तेच आणि औषधाने नेम धरायची जागाही तेच. अशी दुहेरी भूमिका निभावणारी जी जनुकं वैद्यकाला सापडली, त्यांत हर-टूचा इतिहास सगळ्यांत शिकवणारा आहे. त्याचा एक पदर मुंबईत आहे, एक पुण्यात आणि माझ्या मते एक बार्शीतही.

हर-टू सतराव्या गुणसूत्रावर असतं. तुमच्याआमच्या प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. त्याच्यावरून जे प्रथिन बनतं ते पेशीच्या आवरणात रोवलेलं असतं. एक टोक बाहेर, एक आत. वाढीचा निरोप आला की हे प्रथिन आपल्या भावंड प्रथिनांशी जोडी जमवतं आणि आतलं टोक पेशीला विभाजनाचा हुकूम देतं. गर्भात हृदय घडताना ते लागतंच. ज्या उंदरांमधून हे जनुक काढून टाकलं, ते हृदयाची घडण अर्धवट राहिल्यामुळे गर्भातच मेले. म्हणजे हे जनुक मुळात वैरी नाही. पण स्तनाच्या काही कर्करोगांत, आजच्या मोजणीप्रमाणे साधारण १५ ते २० टक्के रुग्णांत, गाठीतल्या पेशी या जनुकाच्या प्रती वाढवत सुटतात. दोनाच्या दहा, वीस, कधी त्याहून जास्त. मग पेशीच्या आवरणावर या प्रथिनांची लाखोंनी दाटी होते आणि वाढीचा हुकूम थांबतच नाही.

मागे जाताना पहिला मुक्काम लागतो तो उंदराच्या पिल्लांपाशी. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात स्टॅनली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचला. पिल्लांचे डोळे एरवी बारा-चौदा दिवसांनी उघडतात, ते सातव्या दिवशीच उघडले. दातही लवकर आले. अर्कात असं काहीतरी होतं जे त्वचेच्या पेशींना वाढायला सांगत होतं. कोहेन यांनी ते द्रव्य वेगळं काढून १९६२ साली जगापुढे ठेवलं. एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर हे त्याचं नाव. पुढे हे द्रव्य पेशीवर ज्या प्रथिनाला चिकटतं तेही सापडलं. १९८६ चं नोबेल कोहेन आणि रिता लेव्ही-मॉन्ताल्चिनी यांना मिळालं. त्या पिल्लांचे डोळे आठवडाभर आधी उघडले, हे कुणीतरी रोज पिंजऱ्यापाशी जाऊन पाहिलं होतं म्हणून कळलं. कर्करोगाचा त्यात विचारही नव्हता.

दुसरा मुक्काम कोंबड्यांचा. कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग आणणारा एक विषाणू शास्त्रज्ञांना बऱ्याच काळापासून माहीत होता. त्याच्यातल्या रोगकारक जनुकाला त्यांनी अर्ब-बी म्हटलं. १९८४ मध्ये लंडनच्या मायकेल वॉटरफील्ड यांच्या गटाने या जनुकाची अक्षरं आणि कोहेन यांच्या द्रव्याला पकडणाऱ्या प्रथिनाची अक्षरं शेजारीशेजारी ठेवली, तेव्हा ती जुळली. विषाणूने कधीकाळी यजमान पेशीतूनच वाढीचं जनुक उचललं होतं, तेही अर्धं तोडून. बाहेरचं टोक गेलं होतं, हुकूम देणारं आतलं टोक तेवढं शिल्लक होतं. कर्करोग बाहेरून येत नाही, आपल्याच पेशीतल्या चांगल्या कामाच्या जनुकाचा तोल गेल्याने होतो, या विचाराला इथे भक्कम आधार मिळाला. हर-टूचं आजचं अधिकृत नाव ईआरबीबी-टू. कोंबडीच्या त्या विषाणूचा वारसा असा नावात राहिला आहे.

तिसरा मुक्काम आपल्या जवळचा. १९८० च्या सुमारास अमेरिकेच्या एमआयटीत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत मुंबईहून गेलेला एक शास्त्रज्ञ काम करत होता. त्याचं नाव लक्ष्मीचरण पाढी. गाभण रॅटना एक विशिष्ट रसायन दिलं की त्यांच्या पिल्लांच्या चेतासंस्थेत गाठी होत. पाढी यांनी अशा गाठींतला डीएनए घेऊन उंदराच्या साध्या, शांत पेशींमध्ये घातला. त्या पेशी बेताल वाढू लागल्या. मग त्या पेशी उंदरांना टोचल्या. उंदरांना गाठी झाल्या आणि त्यांच्या रक्तात त्या गाठीविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली. त्या प्रतिपिंडांनी एक मोठं प्रथिन पकडून दिलं. १९८२ च्या ‘सेल’ नियतकालिकातल्या निबंधात पाढी हे पहिले लेखक आहेत. चेतापेशींच्या गाठीतून आलं म्हणून जनुकाचं नाव ‘न्यू’ पडलं, आणि रिपोर्टात हर-टूच्या जोडीला तिरकी रेघ मारून जे ‘न्यू’ लिहितात ते हेच. पाढी पुढे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. आपल्याकडे स्तनाच्या कर्करोगावर एवढं लिहिलं-बोललं जातं, त्यात हे नाव क्वचितच येतं. शाळेच्या पाठ्यपुस्तकात ते असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

त्या वेळी वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत दोन गोष्टी एकाच छताखाली होत्या: कर्करोग करणारं, पेशीच्या बाहेर टोक काढून बसलेलं प्रथिन आणि त्याला चिकटणारी प्रतिपिंडं. ही प्रतिपिंडं रोगट पेशींवर ओतली तर काय होईल, हा प्रयोग तेव्हा तिथे कुणी केला नाही. जनुकं शोधण्याची धांदल होती, औषधाकडे लक्ष नव्हतं. तो प्रयोग मार्क ग्रीन आणि जेफ्री ड्रेबिन यांनी केला आणि १९८५ मध्ये छापला: प्रतिपिंड घातल्यावर न्यू-ग्रस्त पेशींचा बेतालपणा ओसरला. औषधाची शक्यता त्या दिवसापासून खुली होती.

त्याच वर्षी, १९८५ मध्ये, माणसातलं हे जनुक तीन ठिकाणी स्वतंत्रपणे हाती लागलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टुअर्ट ॲरनसन यांच्या गटाला ते स्तनाच्या गाठीत वाढलेलं दिसलं, जपानी शास्त्रज्ञांनी त्याला वेगळं नाव दिलं, आणि कॅलिफोर्नियातल्या जेनेंटेक कंपनीत ॲक्सल उलरिश यांनी त्याला हर-टू म्हटलं. रॅटच्या गाठीत या जनुकाचं एकच अक्षर बदललं होतं, तेवढ्याने प्रथिन कायमचं चालू राहिलं. कॉर्नेलिया बार्गमन यांनी ते १९८६ मध्ये दाखवलं. माणसाच्या गाठीत अक्षरं बहुधा जशीच्या तशी असतात, प्रती वाढलेल्या असतात. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दाबलेला अडकला तरी मोटार बंद होत नाही आणि एका मोटारीला पन्नास स्टार्टर जोडले तरी होत नाही. रॅटचं पहिल्यासारखं, बाईच्या गाठीचं दुसऱ्यासारखं.

आता मी ज्या टप्प्याला या वंशावळीतला सगळ्यांत महत्त्वाचा मानतो तो येतो. जनुक हाती आलं होतं, पण ते वाढलेलं असलं तर बाईचं काय होतं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. डेनिस स्लेमन हे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले कर्करोगतज्ज्ञ वेगवेगळ्या गाठींचे नमुने गोळा करून गोठवून ठेवत. उलरिश यांच्याकडे जनुक होतं, स्लेमन यांच्याकडे गाठी. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचे विल्यम मॅग्वायर यांनी आणखी नमुने दिले, आणि त्यांतल्या ८६ स्त्रियांच्या गाठींसोबत त्या स्त्रियांचं पुढे काय झालं त्याच्या नोंदीही होत्या. रोग कधी उलटला, कोण किती जगली, सगळं लिहिलेलं. जनुकाच्या प्रती मोजून त्या नोंदींशेजारी ठेवल्या आणि चित्र स्वच्छ दिसलं: ज्यांच्या गाठीत हर-टू वाढलेलं, त्यांचा रोग लवकर उलटत होता आणि त्या लवकर जात होत्या. एकूण १८९ गाठींपैकी सुमारे ३० टक्क्यांत जनुक वाढलेलं होतं. जानेवारी १९८७ मध्ये ‘सायन्स’ने हे छापलं. उंदीर, कोंबडी आणि रॅट यांनी जनुक दाखवलं. ते रोगाची खूण आहे हे मात्र कुणीतरी वर्षानुवर्षं नेटाने ठेवलेल्या नोंदवहीमुळे कळलं. पाठपुरावा नसता तर गोठवलेल्या गाठी म्हणजे नुसतं मांस होतं.

याच १९८७ साली बार्शीत ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतातली खेड्यांसाठीची ही पहिली. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी मी त्या शेजारी ठेवतो, कारण दोन्ही एकाच कामावर उभ्या आहेत. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये डॉ. बी. एम. नेने, सोबत कस्तुरी जयंत यांच्यासारख्या रोगपरिस्थितीच्या अभ्यासक, पाठीशी टाटा मेमोरियल आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं नोंदणीखाली घेतली. मुंबईत कर्करोगाची नोंदणी १९६३ पासून चालू होती, पण तिची रीत इथे चालणार नव्हती. शहरात नोंदणीवाले इस्पितळात जाऊन वह्या चाळतात. खेड्यातली बाई इस्पितळापर्यंत पोचतच नसेल तर वहीत येणार कशी? मरण आलं तरी कागदावर कारण नीट लिहिलेलं सापडेल याचा भरवसा नाही. म्हणून नोंदणीवाल्यांनीच गावोगाव फिरायचं ठरवलं.

हे काम जवळून कसं दिसतं ते सांगतो. माणूस ठरलेल्या पाळीने गावात येतो. सरपंच, शिक्षक, आरोग्यसेविका यांना भेटतो, शाळेत किंवा समाजमंदिरात चार माणसं जमवतो. अंगावरून पांढरं-लाल जातंय का, तोंडात न भरणारी जखम आहे का, गिळताना घास अडतो का, छातीत गाठ लागते का, असं विचारतो. उत्तर पहिल्या खेपेला मिळत नाही. आपल्या बाया दुखणं अंगावर काढतात. छातीतली गाठ नवऱ्याला सांगायचीही चोरी, तिथे परक्या माणसाला कोण सांगणार? दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला एखादी म्हातारी पुढे येते, मग तिच्या मागून तिची सून. ज्याच्यावर संशय येतो त्याला बार्शीला तपासायला आणलं जातं. कर्करोग निघाला तर नाव, गाव, अवयव, टप्पा वहीत चढतो, आणि पुढच्या फेऱ्यांत ते माणूस कसं आहे तेही.

नोंदणीने काय दाखवलं? या भागात बायकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिला, स्तनाचा त्याच्यामागे. शहरांत स्तनाचा कर्करोग पुढे सरकत होता तेव्हा बार्शी-परांड्याचं चित्र वेगळं होतं. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. नुसत्या या फिरण्याने आणि बोलण्याने काही वर्षांत बाया लवकर दाखवायला येऊ लागल्या. गर्भाशयमुखाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं, आणि १९९५ मध्ये ते जयंत आणि नेने यांनी आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडलं. या अनुभवाच्या बळावर बार्शीच्या मंडळींनी शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रियांवर तपासणीचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागच्या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा केली तरी त्या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये त्यातून सिद्ध झालं. जगभरच्या तपासणी धोरणांत आज या अभ्यासाचा दाखला देतात. एवढं मोठं काम आपल्या तालुक्यातून झालं आणि वैरागच्या बाजारात दहा जणांना विचारलं तर एखाद्याला ठाऊक असेल. ही मला खरोखर खंत आहे.

हर-टूकडे परत येऊ. खूण सापडली तरी औषध लगेच झालं नाही. जेनेंटेकमध्ये उंदराच्या पेशींपासून बनवलेलं फोर-डी-फाइव्ह नावाचं प्रतिपिंड होतं, पण उंदराचं प्रथिन माणसाच्या शरीरात घातलं की शरीर त्यालाच परकं समजून बाहेर काढतं. १९९२ मध्ये पॉल कार्टर आणि सहकाऱ्यांनी पकडणारं टोक तेवढं उंदराचं ठेवून बाकीचा साचा माणसाचा केला. तेच ट्रॅस्टुझुमॅब, विक्रीचं नाव हर्सेप्टिन. कंपनीला सुरुवातीला यात पैसा घालायची फार इच्छा नव्हती. स्लेमन यांनी पाठ सोडली नाही, आणि सौंदर्यप्रसाधनांच्या रेव्हलॉन कंपनीच्या देणगीने त्यांचं संशोधन तगलं. रोग पसरलेल्या ४६९ स्त्रियांवर निर्णायक चाचणी झाली. नुसत्या केमोवर वर्षभरात ३३ टक्के स्त्रिया गेल्या, सोबत हे इंजेक्शन मिळालेल्यांत २२ टक्के. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली आणि सोबतच डॅको या डॅनिश कंपनीच्या चाचणीलाही. आधी चाचणी, मग तिच्या आकड्यावर औषध, ही जोडी इथून रूढ झाली. २००५ मध्ये मोठ्या चाचण्यांनी दाखवलं की शस्त्रक्रियेनंतर लगेच हे औषध दिलं तर रोग उलटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं होतं. सगळ्यांत वाईट समजला जाणारा प्रकार बऱ्याच जणींसाठी बरा होण्यातला ठरला.

औषधाचा एक धोका त्या जनुकाच्या मूळ कामातूनच येतो. हृदयाला हर-टू लागतं. ते अडवलं की काहींच्या हृदयाचा जोर कमी होतो. म्हणून इंजेक्शन चालू असताना दर तीन महिन्यांनी टू-डी इको करायला सांगतात. पैसे वाचवायला तो टाळू नये.

आपल्याकडे चाचणी आणि औषध एकत्र पोचली नाहीत. चाचणी काही हजारांत होऊ लागली होती, तेव्हा ४४० मिलिग्रॅमच्या एका बाटलीची किंमत लाखाच्या वर होती. पन्नास किलो वजनाच्या बाईला पहिला डोस ४०० मिलिग्रॅम, नंतर दर तीन आठवड्यांनी ३००, असं वर्षभर. कोरडवाहू दोन-तीन एकरांवर जगणाऱ्या घराला ‘तीन अधिक’ कळून काय उपयोग होता? ज्या रोगावर नेमकं औषध आहे तो आपल्याला झालाय आणि ते औषध आपल्याला मिळणार नाही, एवढंच त्या कागदाने सांगितलं. डॉक्टरही मग हर-टूची चाचणी लिहून द्यायला कचरत. मी त्यांना दोष देत नाही.

२०१२ मध्ये, भारतात या औषधाचं पेटंट असलेल्या रोश कंपनीने पुण्याच्या एमक्युअरबरोबर हेच औषध ‘हर्क्लॉन’ या नावाने कमी किमतीत आणलं. त्याच सुमारास स्त्री-संघटना आणि रुग्णांच्या गटांनी ट्रॅस्टुझुमॅब परवडावं म्हणून मोहीम उभी केली, आणि २०१३ च्या सुरुवातीला केंद्राचं आरोग्य खातं सक्तीच्या परवान्याचा विचार करू लागलं. त्याच वर्षी रोशने भारतातल्या पेटंटचा आग्रह सोडला. बेंगळुरूच्या बायोकॉनने २०१४ मध्ये ‘कॅनमॅब’ आणलं, ४४० मिलिग्रॅमला ५७,५०० रुपये. पुढे आणखी कंपन्या उतरल्या, किंमत आणखी खाली आली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ट्रॅस्टुझुमॅब अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. डॉक्टरांनीही मार्ग काढले. एका बाटलीतून उरलेलं औषध योग्य पाण्यात मिसळलेलं असेल तर फ्रिजमध्ये २८ दिवस टिकतं, म्हणून दोघी-तिघींना एकाच दिवशी बोलावून बाटली वाटून घ्यायची. फिनलंडमधल्या चाचणीत नऊ आठवड्यांच्या उपचारानेही फायदा दिसला होता. ४,०८९ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीने २०१९ मध्ये दाखवलं की सहा महिने वर्षभराच्या तोडीस तोड ठरतात. अर्ध्या खर्चात तेवढंच हाती येत असेल तर त्यात कमीपणा कसला? ही माहिती खेड्यातल्या प्रत्येक कुटुंबाला उपचार सुरू होण्याआधी मिळाली पाहिजे.

पण त्या आकड्यावर भरवसा ठेवायचा तर तो कसा निघतो ते पाहायला हवं. गाठीचा तुकडा मेणात बसवतात, त्या ठोकळ्याला ब्लॉक म्हणतात. त्यातून केसाहून पातळ काप काढून काचेवर घेतात आणि हर-टूला चिकटणारं प्रतिपिंड त्यावर घालतात. जिथे प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. तीन अधिक असलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की विसरत नाही: प्रत्येक पेशीभोवती गडद, अखंड तपकिरी कडं, कड्याला कडं लागून जाळी झालेली. शून्यात फिकट निळ्या पेशी, कडं नाहीच. दोन अधिक म्हणजे संशय. मग फिश नावाची दुसरी चाचणी करून जनुकाच्या प्रती प्रत्यक्ष मोजतात. हे सगळं गाठ काढल्यानंतरच्या पहिल्या काही तासांवर अवलंबून असतं. तुकडा लगेच पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे, आणि त्यात सहा तासांहून कमी नाही, बहात्तर तासांहून जास्त नाही. कुणी तो नुसत्या सलाईनमध्ये ठेवला, किंवा मोठी गाठ न चिरता लहान बाटलीत कोंबली, तर प्रथिन खराब होतं आणि असलेली खूण दिसत नाही. आपल्या भागात गाठीची बाटली कित्येकदा नातेवाइकाच्या पिशवीतून एसटीने लॅबला जाते. गाठ किती वाजता काढली आणि फॉर्मॅलिनमध्ये किती वाजता घातली हे बाटलीवर लिहून घ्यावं. मागितलं की डॉक्टर लिहून देतात.

आणखी एक गैरसमज घरं पोखरतो. रिपोर्टात जनुकाचं नाव वाचलं की पहिला प्रश्न येतो, पोरीला होईल का? दुसरा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, तो तिच्या स्थळाचा असतो. हर-टूची वाढ फक्त त्या गाठीतल्या पेशींत झालेली असते. बाईच्या बाकीच्या शरीरात जनुकाच्या दोनच प्रती असतात आणि मुलीला त्या दोनांतली एक गेलेली असते, इतर कुणाही मुलीसारखी. पिढीजात चालणारे दोष वेगळे, त्यांतले बीआरसीए-वन आणि टू जास्त माहितीचे. त्यांची चाचणी रक्तातून वेगळी होते आणि घरात तरुणपणी किंवा अनेकींना स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर ती करावी. हर-टूचा ‘तीन अधिक’ पोरीच्या लग्नाच्या आड येण्याचं काहीही कारण नाही.

अलीकडे या ओळीचा अर्थच बदलला आहे. वीस वर्षं ‘एक अधिक’ म्हणजे नकार होता, ट्रॅस्टुझुमॅबचा त्यात उपयोग नव्हता. जपानच्या दाइइची सांक्योने त्याच प्रतिपिंडाच्या पाठीवर केमोचं तीव्र औषध बांधलं आणि ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्स्टेकान तयार झालं. त्याला पेशीवर प्रथिनांची दाटी लागत नाही. थोडी असली तरी ते चिकटतं, आत जातं आणि तिथे विष सोडतं. २०२२ मध्ये ५५७ रुग्णांच्या चाचणीत दिसलं की रोग पसरलेल्या, ‘एक अधिक’ किंवा फिशमध्ये नकार आलेल्या ‘दोन अधिक’ स्त्रियांतही त्याने मृत्यूचा धोका सुमारे ३६ टक्क्यांनी घटतो. ‘हर-टू लो’ हा नवा गट तिथून आला. औषध अजून फार महाग आहे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात त्याच्यावरचं आयात शुल्क माफ झालं, नंतर जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तरी सामान्य घराच्या ते आवाक्याबाहेर आहे. हर्सेप्टिनच्या वेळी चौदा-पंधरा वर्षं गेली. या वेळी तेवढी जाऊ नयेत यासाठी आतापासून बोलायला हवं.

ज्यांचा रोग उलटला आहे त्यांना आज एक गोष्ट करता येते. जुन्या रिपोर्टात नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं असेल तर ते शून्य होतं की एक अधिक, हे लॅबला विचारता येतं. मेणाचा ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो आणि तो रुग्णाला मागून घेता येतो. त्यातून नवा काप काढून पुन्हा रंग देता येतो, किंवा उलटलेल्या जागेचा नवा तुकडा घेऊन तपासता येतो, कारण काही वर्षांत हा आकडा बदललेलाही असू शकतो. ब्लॉक मागायला जाताना जुन्या रिपोर्टावरचा बायोप्सी नंबर सोबत ठेवावा. लॅबच्या कपाटात गाठ नावाने कमी आणि त्या नंबराने जास्त सापडते.